वक्री : एका शब्दाची कुळकथा

आमच्या लहानपणीं घरीं एक वृद्ध गृहस्थ नेहमी येत असत. त्यांची सारी हयात कचेरींत गेली होती. पण वरिष्ठांची मर्जी कोणत्या दिवशीं कशी असेल याचा अंदाज त्यांना तीस वर्षांत एकदांहि बांधतां आला नाहीं. संध्याकाळीं येऊन, टोपी काढून खुंटीला अडकवीत ते म्हणत, "आज स्वारी वक्री!" ऐकणाऱ्यांना त्याहून अधिक विचारावें लागत नसे. पुढें आम्हांला पंचांग उलगडतां येऊं लागलें, तेव्हां तोच शब्द बुधाच्या आणि शनीच्या नांवापुढें छापलेला आढळला, आणि आकाशांतहि एखादी कचेरी आहे कीं काय, असा प्रश्न आमच्या बालबुद्धीला पडला.

तो प्रश्न वाटतो तितका पोरकट नव्हता. मराठींत दैव वक्री होतें, नशीब वक्री होतें, सासूबाई वक्री होतात. पण ऋतु पालटला तर तो वक्री झाला असें कोणी म्हणत नाहीं. वाढत्या वयाबरोबर माणूस बदलतो त्यालाहि हा शब्द लागत नाहीं. ज्या बदलाचा नेम सांपडत नाहीं आणि ज्याचा फटका बोलणाराला स्वतःला बसतो, त्या बदलासाठींच हा शब्द राखून ठेविलेला आहे. म्हणजे त्यांत दोन अर्थ एकत्र नांदत आहेत. एक लहरीपणाचा, दुसरा रोषाचा. गंमत अशी कीं ज्या शास्त्रांतून हा शब्द आपल्या बोलण्यांत उतरला, त्या गणितशास्त्रांत यांपैकीं एकहि अर्थ नाहीं. तेथें तो एका वांकड्या पण मोजतां येणाऱ्या गतीचें सरळ नांव आहे. मग हे दोन अर्थ त्याला चिकटले कोठून?

ज्यांनीं आकाशाकडे कधीं सलग पाहिलेलें नाहीं त्यांच्यासाठीं मूळ प्रकार सांगितला पाहिजे. सूर्य आणि चंद्र नक्षत्रांमधून रोज थोडेथोडे पूर्वेकडे सरकतात. त्यांचा वेग कमीजास्त होतो, पण ते कधीं मागें वळत नाहींत. मंगळ, बुध, गुरु, शुक्र आणि शनि या पांचांचें तसें नाहीं. मंगळच घ्या. महिनेच्या महिने तो पूर्वेकडे चालतो. मग त्याची चाल मंदावते, एखाद्या ताऱ्याजवळ तो जणूं थबकतो, आणि नंतर चक्क पश्चिमेकडे, म्हणजे आल्या वाटेनें, परत फिरतो. दोनअडीच महिन्यांनीं पुन्हा थबकून तो आपला पूर्वीचा मार्ग धरतो. पूर्वेकडे चालतो तेव्हां तो मार्गी, थबकतो तेव्हां स्तंभी, आणि मागें फिरतो तेव्हां वक्री. मंगळाचें असें परत फिरणें सुमारें ७८० दिवसांनीं एकदां घडतें. गुरु सुमारें ३९९ दिवसांनीं वक्री होतो आणि चार महिने तसा राहतो; शनि ३७८ दिवसांनीं, आणि साडेचार महिने. बुधाला तर वर्षांतून तीन आणि क्वचित् चार वेळां, तीनतीन आठवडे, हा फेरा पडतो. हे आंकडे ध्यानांत ठेवावे. शनि आपल्या आयुष्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काळ वक्रीच असतो. तेव्हां तो वक्री झाल्याबद्दल नवल करणें म्हणजे रात्र झाल्याबद्दल नवल करण्यासारखेंच आहे.

परंतु हे आंकडे हातीं येण्यापूर्वीं माणसानें हा प्रकार उघड्या डोळ्यांनीं पाहिला, आणि तो दचकला. ग्रीकांनीं या पांचांना जें नांव दिलें त्याचा अर्थ भटके. युरोपच्या भाषांतून ग्रहाचा वाचक म्हणून तेंच आज चालतें. लॅटिन भाषेंतहि त्यांना वाट चुकणारे तारे म्हणत, आणि चूक या अर्थाचे कित्येक पाश्चात्य शब्द त्याच धातूपासून निघाले आहेत. आपल्या पूर्वजांनीं मात्र त्यांच्या भटकण्यावरून त्यांचें नांव ठेविलें नाहीं. ग्रह म्हणजे पकडणारा. ग्रहण हा शब्दहि त्याच धातूचा. ग्रीक माणसाला ग्रहांचें वागणें विचित्र वाटलें म्हणून त्यानें त्यांना भटके म्हटलें. आपल्याला त्यांचें आपल्याशीं वागणें महत्त्वाचें वाटलें म्हणून आपण त्यांना पकडणारे म्हटलें. आमच्या मतें मराठींतील 'वक्री'चा रोष याच नांवांत बीजरूपानें होता.

त्यांतहि मंगळाची धास्ती सर्वांत मोठी. वराहमिहिरानें बृहज्जातकांत मंगळाचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत 'आर' आणि 'वक्र' हीं अगदीं शेजारींशेजारीं आलीं आहेत. 'आर' हें ग्रीकांच्या युद्धदेवतेचें नांव आपल्याकडे पाहुणें म्हणून आलेलें. 'वक्र' हें घरचें. एकाच ग्रहाला वांकडेपण हें नांव म्हणून चिकटावें याला कारणहि आहे. मंगळ, गुरु, शनि हे वक्री होतात तेव्हां ते सूर्याच्या समोरच्या बाजूस असतात. सूर्य मावळतांना उगवतात, रात्रभर दिसतात, आणि पृथ्वीच्या अत्यंत जवळ असल्यामुळें सर्वांत तेजस्वी दिसतात. गुरुशनींच्या तेजांत यामुळें फारसा फरक पडत नाहीं. मंगळ मात्र एरवीं सामान्य ताऱ्यासारखा असतो, तो या वेळीं निखाऱ्यासारखा पेटतो. ज्यांनीं २००३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत तो पाहिला असेल त्यांना हें वेगळें सांगावयास नको. त्या वेळीं तो सुमारें साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका पृथ्वीजवळ आला होता, आणि अर्थातच तो वक्री होता. लाल ज्योत रोज मोठी होत जाते आणि त्याच वेळीं ती उलटी चालूं लागते, हें दृश्य ज्याला कारण ठाऊक नाहीं त्याच्या पोटांत गोळा आणणारेंच आहे.

म्हणूनच महाभारतांत युद्धापूर्वींच्या उत्पातांत वक्री मंगळ आला आहे. मात्र उद्योगपर्वांत कर्ण कृष्णाला सांगतो त्याप्रमाणें तो ज्येष्ठा नक्षत्रांत वक्री आहे, आणि भीष्मपर्वांत व्यास धृतराष्ट्राला सांगतात त्याप्रमाणें तो मघांत. मघा आणि ज्येष्ठा यांच्यामध्यें आकाशाचा चतुर्थांशाहून अधिक पल्ला आहे. एकाच युद्धाच्या तोंडावर मंगळ दोन्हीं ठिकाणीं वक्री होणें शक्य नाहीं. या ग्रहस्थितींवरून युद्धाचा काळ काढण्याचा खटाटोप अनेक विद्वानांनीं केला. आम्हांला वाटतें, कवीला येथें वेध सांगावयाचा नव्हता, भय सांगावयाचें होतें; आणि तें सांगण्यास वक्री मंगळासारखें दुसरें साधन नव्हतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत तर मंगळाच्या वक्रगतीचे पांच प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांचीं नांवेंच अंगावर कांटा आणतील अशीं आहेत : उष्ण, अश्रुमुख, व्याल, रुधिरानन आणि असिमुसल. उष्ण वक्रानें अग्नीवर उपजीविका करणारांस पीडा, असिमुसलानें चोरांचें भय, असे त्यांचे विषय वांटलेले आहेत.

आणि याच वराहमिहिरानें पंचसिद्धान्तिका लिहिली, ग्रहगणिताचे पांच जुने सिद्धान्त तपासून एकत्र केले! एका हातानें तो मंगळाची गति मोजीत होता, दुसऱ्या हातानें त्याच गतीची भीति वांटीत होता. यांत दांभिकपणा पाहणें अन्यायाचें होईल. त्या काळच्या विद्येचीं तीं दोन दालनें होतीं आणि त्यांमधलें दार उघडें होतें. परंतु जनतेच्या बोलण्यांत आलें तें दुसऱ्या दालनांतील. पहिल्या दालनांत काय चाललें होतें हें पाहण्यासारखें आहे.

सूर्यसिद्धान्तांत ग्रहगतीचे आठ प्रकार मोजले आहेत. वक्रगति ही त्यांतली एक. तिच्या शेजारीं तिचेच कमीअधिक भेद, तशीच मंद, अतिमंद, सम, शीघ्र वगैरे. म्हणजे गणिताच्या दृष्टीनें वक्री होणें हा अपवाद नव्हे, आठांतला एक प्रकार होय. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं कोणता ग्रह केव्हां वक्री होणार याचे आंकडेच तेथें दिले आहेत. ग्रहाचें शीघ्रकेन्द्र, म्हणजे त्याचें शीघ्रोच्चापासूनचें अंशात्मक अंतर, मंगळाच्या बाबतींत १६४, बुधाच्या १४४, गुरूच्या १३०, शुक्राच्या १६३ आणि शनीच्या ११५ झालें कीं तो वक्री होतो. आणि हे अंश ३६० मधून वजा करून जें उरतें तेथें पोंचला कीं तो वक्रगति सोडतो. मंगळ, बुध आणि शनि यांचे हे आंकडे आधुनिक मध्यम मानाशीं ताडून पाहिले तर फरक सुमारें एका अंशाचा पडतो. गुरूचा मात्र चारपांच अंशांनीं चुकलेला आहे. ज्या गोष्टीला आपण आज लहर म्हणतों तिचा आरंभ आणि शेवट असा अंशांनीं बांधून ठेविला होता. ज्योतिषी जोशीबुवा शनि वक्री झाल्याचें सांगून यजमानाला घाबरवीत, तेव्हां ती तारीख त्यांना याच गणितानें कळलेली असे. ज्याच्या येण्याची तारीख वर्षभर आधीं छापतां येते तो कोप कसला?

कारणाविषयीं मात्र सूर्यसिद्धान्त काव्याच्या वाटेनें जातो. शीघ्रोच्च, मंदोच्च आणि पात या काळाच्या अदृश्य मूर्ति राशिचक्रांत बसलेल्या आहेत. त्या ग्रहांना वायूच्या दोरींनीं बांधून डाव्याउजव्या हातांनीं आपणांकडे ओढतात, म्हणून ग्रह मागेंपुढें होतात. कल्पना सुंदर आहे, आणि तिच्यांत एक मर्म आहे तें सुटूं नये. ग्रह येथें स्वतः लहरी नाहीं. तो ओढला जात आहे. मंगळ, गुरु आणि शनि यांचें शीघ्रोच्च म्हणजे मध्यम सूर्यच. या तिघांचें मागें फिरणें सूर्याशीं बांधलेलें आहे, ही गोष्ट त्या गणकांच्या हातीं पूर्णपणें आली होती. पुढचें एकच पाऊल उरलें होतें.

तें पाऊल १५४३ सालीं कोपर्निकसच्या ग्रंथानें पडलें. पृथ्वी हीहि एक ग्रह आहे आणि तीहि सूर्याभोंवतीं फिरते असें धरलें कीं वक्रगतीचें कोडें एका वाक्यांत सुटतें. दोन आगगाड्या एकाच दिशेनें चालल्या आहेत; आपली जलद आहे, शेजारची मंद. आपण तिला मागें टाकूं लागलों कीं दूरच्या डोंगरांच्या पार्श्वभूमीवर ती उलट जात आहेशी वाटते. तिच्यांतील उतारू मात्र पुढेंच चाललेले असतात. मंगळाला पृथ्वी अशी ओलांडते तेव्हां मंगळ वक्री दिसतो. बुध आणि शुक्र हे आपल्याहून जलद, म्हणून ते आपल्याला ओलांडतात तेव्हां वक्री दिसतात. वांकडें कोणी चालत नाहीं. पाहणारा स्वतः चालत आहे, हें तो विसरलेला असतो.

पण येथें गोष्ट संपली नाहीं, आणि आम्हांला तिचा पुढचा भागच अधिक मोलाचा वाटतो. वक्रगतीचें कारण सांपडलें तरी तिचा अनियमितपणा शिल्लक राहिला. मंगळाचे सगळे फेरे सारखे नसतात. २००३ सालीं तो साठ दिवस वक्री होता आणि सुमारें दहा अंश मागें आला. २०१२ सालीं तो ऐंशी दिवस वक्री राहिला आणि जवळजवळ वीस अंश मागें आला. दोन्ही ग्रह वर्तुळांत सम गतीनें फिरत असते तर असें होतें ना. टॉलेमीनें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत वर्तुळावर वर्तुळ चढवून, आणि वर गतीचा मध्य वर्तुळाच्या मध्यापासून सरकवून, ही अडचण बरीचशी भागविली होती. आपल्याकडे मंद आणि शीघ्र असे दोन संस्कार करून भागविली. कोपर्निकसहि वर्तुळें सोडण्यास तयार झाला नाहीं.

केप्लर १६०० सालीं टायको ब्राहेकडे गेला आणि मंगळाचें प्रकरण त्याच्या गळ्यांत पडलें. पुढल्याच वर्षीं टायको वारला. त्याचे वेध केप्लरच्या हातीं राहिले. त्यानें वर्तुळें मांडून मंगळाच्या बारा प्रतियोगांशीं, म्हणजे ऐन वक्रगतीच्या मध्यावरील स्थानांशीं, आपलें गणित जुळवून घेतलें. दोन कलांच्या आंत जुळलें. दुसरा कोणी असता तर येथेंच ग्रंथ छापून मोकळा झाला असता. केप्लरनें तेंच गणित दुसऱ्या वेधांशीं ताडून पाहिलें, तों आठ कलांचा फरक निघाला. आठ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा भाग. पण टायकोसारखा वेध घेणारा आठ कलांनीं चुकणार नाहीं अशी त्याची निष्ठा होती, म्हणून त्यानें चूक वेधांत न शोधतां आपल्या वर्तुळांत शोधली. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत मंगळाची कक्षा दीर्घवर्तुळ ठरली. तो ग्रंथ बादशहा रुडॉल्फ याला अर्पण करतांना केप्लरनें, लढाईंत जिंकलेला कैदी म्हणून मंगळाला दरबारीं हजर करीत आहों, असा थाट मांडला आहे. आमच्या फलज्योतिषांत मंगळ हा ग्रहांचा सेनापति; तेव्हां हा विनोद आपल्याकडेहि समजला असता.

फलज्योतिषाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपला लोकसमज असा कीं ग्रह वक्री झाला कीं वाईट. पण फलज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांचें म्हणणें तसें नाहीं. वक्री ग्रहाला चेष्टाबल मोठें मिळतें, तो बलवान् मानला जातो. शुभ ग्रह वक्री असेल तर अधिक शुभ, आणि पापग्रह वक्री असेल तर अधिक पीडाकारक. आकाशांत तो त्या वेळीं तेजस्वी दिसतो याची ही स्मृति असावी असें आम्हांस वाटतें. शास्त्रावर विश्वास ठेवा वा न ठेवा. शब्दाच्या इतिहासापुरतें इतकें नक्की कीं मराठी बोलण्यानें त्या वचनाचें अर्धेंच वाक्य उचललें. 'साहेब आज वक्री आहेत, पगार वाढणार' असें कोणीहि म्हणत नाहीं. पाश्चात्यांतहि आज बुध वक्री झाला कीं यंत्रें बिघडतात आणि करार फिसकटतात असें गंभीरपणें सांगणारे सुशिक्षित लोक आहेत. वर्षांतले नऊदहा आठवडे बुध वक्री असतो हें पाहतां त्यांना पुराव्याची वाण कधींच पडणार नाहीं.

दुसरा एक मोह मात्र टाळला पाहिजे. 'काम मार्गीं लागलें' असें आपण म्हणतों. तेव्हां वक्रीप्रमाणें मार्गी हाहि ग्रहांकडूनच आला असें सांगण्याचा मोह एखाद्या व्युत्पत्तिप्रेमी वाचकाला होईल. तो 'मार्गीं' म्हणजे घरीं, दारीं यांसारखी साधी सप्तमी आहे; त्याला ग्रहाची गरज नाहीं. जोड शोभिवंत दिसते एवढ्यावरून नातें जुळवूं नये.

वक्रगतीचा खरा भार आपल्या घरांवर पडतो तो पंचांगांतून. २९ एप्रिल २०२२ रोजीं शनि कुंभ राशींत गेला आणि धनु राशीच्या माणसांनीं साडेसाती संपली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. १२ जुलै रोजीं तो वक्रगतीनें पुन्हा मकरेंत आला. तेथून तो निघाला १७ जानेवारी २०२३ रोजीं. त्या सहा महिन्यांत किती तेलाचे दिवे पुन्हा लागले असतील! ज्यानें पंचांग पूर्ण वाचलें होतें त्याला हा परतीचा फेरा आधींच ठाऊक होता. ज्यानें फक्त पहिली तारीख ऐकली त्याला तो शनीचा विश्वासघात वाटला. लहरीपणाचा अर्थ कोठून चिकटला हा प्रश्न आरंभीं केला, त्याचें उत्तर बहुधा येथें आहे. गणित जोशांजवळ राहिलें आणि लोकांपर्यंत फक्त निकाल पोंचले.

महाराष्ट्रांत तरी असें व्हावयास नको होतें. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें १५२० सालीं ग्रहलाघव रचलें तें याचसाठीं कीं ज्याकोष्टकांची यातायात न करतां कोणत्याहि साधारण गणकाला ग्रह मांडतां यावे. तीनचार शतकें आपलीं पंचांगें त्यावर चाललीं. कालांतरानें त्याचें गणित आणि आकाश यांत अंतर पडलें, तेव्हां केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें प्रसिद्ध करून नवें गणित मराठींत आणिलें, आणि १८९६ सालीं शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठींतच लिहून सर्व सिद्धान्तांचे आंकडे सामान्य वाचकापुढें ठेविले. दीक्षितांचा तो ग्रंथ ज्याच्या घरीं आहे त्याला वक्रगतीचें गूढ राहूं नये. पण पंचांगवादांत भांडण झालें तें सणवारांच्या तारखांचें. ग्रह मागें कां फिरतो हें आजीला कोणी समजावून सांगितलें नाहीं.

आतां नाशिक-त्र्यंबकेश्वरचा जो सिंहस्थ ३१ ऑक्टोबर २०२६ या दिवसापासून धरला आहे, त्याच्याकडे या दृष्टीनें पाहावें. त्या दिवशीं गुरु सिंहेंत प्रवेश करतो. गुरूला एक राशि ओलांडण्यास सरासरी वर्ष लागतें. मग पर्वकाळ २४ जुलै २०२८ पर्यंत, म्हणजे पावणेदोन वर्षांवर, कसा लांबतो? गुरु वक्री होऊन जानेवारी २०२७ मध्यें पुन्हा कर्केंत जातो आणि जूनमध्यें सिंहेंत परततो. नोव्हेंबरमध्यें तो कन्येंत शिरतो. पुन्हा वक्री होऊन फेब्रुवारी २०२८ च्या अखेरीस सिंहेंत येतो, आणि जुलैंत कायमचा कन्येंत जातो. एका सिंहस्थांत दोन वेळां परतीचा फेरा. या काळांत ज्यांच्या घरीं लग्नाच्या मुली आहेत ते पंचांगवाल्यांना विचारतीलच कीं गुरु कर्केंत मागें आला तेवढे महिने मोकळे धरावे कीं नाहीं. त्यांनीं काय उत्तर द्यावें हा धर्मशास्त्राचा प्रश्न, त्यांत आम्ही पडत नाहीं. पण तेव्हां हिंवाळ्यांत, मध्यरात्रीच्या सुमारास, गच्चीवर जाऊन मुलीच्या बापानें मघा नक्षत्राच्या बाजूला तो ठळक पांढरा ग्रह एकदां पाहावा, आणि महिनाभरानें पुन्हा पाहावा. शेजारच्या ताऱ्याशीं त्याचें अंतर बदललेलें दिसेल. आपण ज्या पृथ्वीवर उभे आहों तिची चाल डोळ्यांनीं पाहण्याचा याहून सोपा उपाय नाहीं.